हेमंतकुमार : कोळीगीताला लाभलेला वंगीय कंठ

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता पेण ओलांडून वडखळला आला, कीं तेथें त्याला दोन वाटा फुटतात. एक दक्षिणेस नागोठण्याकडे जाते. दुसरी पश्चिमेस वळून धरमतरची खाडी ओलांडते व पोयनाडवरून अलिबागेस पोहोंचते. ह्या बाजूचा जो सखल, खारट, भरतीच्या पाण्याशीं झगडून मिळविलेला मुलूख, त्यास खारेपाट म्हणतात. १९८१ मध्यें कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें. पण भूमीचा स्वभाव नांवाबरोबर पालटत नाहीं. मातीचे बांध, त्यांतील उघाड्या, भाताचीं खाचरें, मिठागरें, खाडींतला जिताडा आणि आगरी व कोळी लोकांची वस्ती, हा तिचा संसार. ह्या मुलखांत लग्नाची हळद असो कीं नारळी पौर्णिमा असो, एक गाणें बहुधा ऐकूं येतेंच. "मी डोलकर" हें तें गाणें. लता मंगेशकरांच्या आवाजाला त्यांत एका पुरुषाचा खोल, शांत व भरदार आवाज साथ देतो. तो पुरुष कोळी नव्हता, कोंकणचा नव्हता, महाराष्ट्रीयहि नव्हता. तो वंगदेशाचा होता. त्याचें नांव हेमंत मुखोपाध्याय. हिंदी चित्रपटसृष्टीनें त्यास हेमंतकुमार म्हटलें व आपणहि त्याच नांवानें त्यास ओळखतों.

परप्रांतीय गायकानें आपल्या भाषेंत गावें, यांत आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु तें गाणें ज्यांच्याविषयीं आहे त्या लोकांनींच तें आपलें म्हणून उचलावें, ही गोष्ट नित्याची नव्हे. ती कशी घडली, हें समजून घ्यावयाचें तर त्या गायकाचें चरित्र, त्याच्या काळांतील यंत्रविद्या व त्याच्या गळ्याचा गुण, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. आजच्या भाषणांत तेंच करण्याचा माझा विचार आहे.

हेमंतकुमार यांचा जन्म १६ जून १९२० रोजीं काशीस, आजोळीं झाला. घराण्याचें मूळ गांव बहडू. तें कलकत्त्याच्या दक्षिणेस चोवीस परगण्यांत आहे. त्याच्याहि खालीं गंगेच्या मुखाचा जो प्रदेश लागतो तो आपल्या खारेपाटासारखाच भरती-ओहोटीच्या तंत्रानें चालणारा. तेथेंहि शेतकऱ्यास मातीचे बांध घालून खारें पाणी अडवावें लागतें. पण हेमंतकुमारांचें शिक्षण झालें तें कलकत्त्यांत, भवानीपूरच्या मित्र इन्स्टिट्यूशनमध्यें. तेथें त्यांना सुभाष मुखोपाध्याय नांवाचा एक सोबती भेटला. हाच पुढें बंगालींतील नामांकित कवि झाला. ह्या मित्रानेंच भरीस घातल्यामुळें १९३५ च्या सुमारास, शाळेंत असतांनाच, हेमंतकुमार कलकत्त्याच्या नभोवाणी केंद्रावर प्रथम गायले. म्हणजे त्यांच्या आवाजाची जगाशीं पहिली ओळख घडली ती सभागृहांत नव्हे, तर ध्वनिक्षेपकासमोर. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें त्यांना जादवपूरच्या तंत्रविद्यालयांत स्थापत्यादि शास्त्रें शिकण्यास घालण्यांत आलें. मध्यमवर्गीय बापास मुलानें अभियंता व्हावें असें वाटणें स्वाभाविकच होतें. पण मुलाचें चित्त तेथें रमेना. त्यानें कांहीं कथा लिहून पाहिल्या आणि अखेरीस सर्व सोडून संगीताचा मार्ग धरला. १९३७ मध्यें कोलंबिया कंपनीनें त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली; तिला चाली शैलेश दत्तगुप्त यांच्या होत्या. अभिजात संगीताची दीर्घ तालीम मात्र त्यांना लाभली नाहीं. मोठ्या घराण्याचा गंडा बांधलेला नाहीं, तानपलट्यांची मेहनत नाहीं. जवळ होता तो केवळ निसर्गदत्त आवाज व शब्दांवरील प्रेम. असा मनुष्य तीस वर्षें आधीं जन्मता, तर गायक म्हणून त्याचें नांव झालें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे.

असें कां म्हणतों तें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. आपल्या संगीत नाटकांच्या ऐन वैभवकाळांत नाटकगृहांत ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकाच्या कानीं पद पोहोंचवावयाचें, तर नटाचा गळा उंच, धारदार व दमदार असणें भाग होतें. मंद्र सप्तकांतली कुजबुज रंगमंचाच्या कांठाशींच विरून जाई. १९३१ मध्यें हिंदी व १९३२ मध्यें मराठी बोलपट आला, तरी प्रारंभीं नट-नटींनाच चित्रण चालूं असतांना गावें लागे. वादकांस झाडाआड किंवा पडद्यामागें लपवीत. ही अडचण दूर झाली १९३५ मध्यें. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स कंपनीनें "भाग्यचक्र" या बंगाली चित्रपटांत आणि "धूपछाँव" या त्याच्या हिंदी रूपांत गाणें आधीं मुद्रित करून घेतलें व चित्रणाच्या वेळीं तें वाजवून पात्रांस नुसते ओठ हलवावयास लावले. हेंच पार्श्वगायन.

ह्या एका युक्तीनें दोन गोष्टी साधल्या. पहिली अशी कीं, रूप एकाचें व स्वर दुसऱ्याचा असें होऊं शकलें. सुंदर नटास गातां यावें असा आग्रह उरला नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ध्वनिक्षेपक गायकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला, त्यामुळें मोठ्यानें गाण्याची गरजच संपली. खालच्या पट्टींतला श्वास, शब्दाच्या अखेरीचा हलकासा उसासा, ओठ मिटतांनाचा मृदु ध्वनि, हें सर्व आतां लाखों लोकांच्या कानांशीं नेऊन पोहोंचवितां येऊं लागलें. गाणें सभेंतून उठलें आणि घरांत येऊन बसलें. बंगालमध्यें ह्या नव्या गायनाचा पहिला मोठा आचार्य पंकज मल्लिक. त्यांची छाप हेमंतकुमारांवर इतकी होती कीं, आरंभीं लोक त्यांना "छोटा पंकज" म्हणत. पुढें त्यांनीं स्वतःची वाट काढली, पण शब्द आधीं व अलंकार मागाहून, हा धडा त्यांनीं कधीं सोडला नाहीं. रवींद्रनाथांचीं गीतें त्यांनीं जन्मभर गाइलीं. त्या गीतांतहि गायकाच्या करामतीपेक्षां कवितेच्या अर्थासच मान असतो.

१९४१ मध्यें "निमाइ संन्यास" ह्या बंगाली चित्रपटांत त्यांनीं पहिलें पार्श्वगायन केलें, आणि १९४४ मध्यें "इरादा" ह्या हिंदी चित्रपटांत. परंतु ह्याच सुमारास बंगालवर जें संकट कोसळलें, त्याचा त्यांच्या आयुष्यावर चित्रपटाइतकाच परिणाम झाला. १९४३ च्या दुष्काळांत लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. पीक अगदींच बुडालें होतें असें नव्हे. युद्धकाळांत भाव चढले, धान्य हलेना, व खेड्यांतील मजुराच्या हातीं तें विकत घेण्याची ऐपत उरली नाहीं. ह्या दुःखास वाचा फोडणाऱ्या भारतीय जननाट्य संघांत हेमंतकुमार सामील झाले. तेथें त्यांना सलिल चौधरी हा तरुण कवि-संगीतकार भेटला. दोघांच्या सहकार्यानें १९४९ मध्यें "गाँयेर बधू" ही ध्वनिमुद्रिका निघाली. एका सुखी कृषिवधूचें घर दुष्काळानें कसें उध्वस्त झालें, याची ती कथा. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें मावत. ही कथा तेवढ्यांत बसेना म्हणून तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून सहा मिनिटांचें एकच गीत करण्यांत आलें. त्यांत ना प्रेमिकांचा संवाद, ना नाचाचा ठेका. तरीहि लोकांनीं तें डोक्यावर घेतलें. साध्या शब्दांत सांगितलेली गरिबाची गोष्ट विश्वासानें ऐकविणें, हें हेमंतकुमारांच्या आवाजास साधतें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

मुंबईस ते आले ते १९५१ च्या सुमारास, दिग्दर्शक हेमेन गुप्ता यांच्या बोलावण्यावरून. गोरेगांवच्या फिल्मिस्तान संस्थेसाठीं बंकिमचंद्रांच्या कादंबरीवरून "आनंदमठ" काढावयाचा होता. १९५२ मध्यें तो प्रदर्शित झाला. त्यांत "वंदे मातरम्" ला त्यांनीं जी संचलनाची चाल दिली व लता मंगेशकरांनीं ती जशी गाइली, ती अद्याप ठिकठिकाणीं ऐकूं येते. त्याच वर्षीं सचिनदेव बर्मन यांनीं "जाल" चित्रपटांत त्यांजकडून चांदण्या रात्रीचें एक गीत गाऊन घेतलें. त्या चित्रपटाची कथा गोव्याकडील ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तींतली होती. म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा समुद्र व हेमंतकुमारांचा कंठ यांची गांठ मराठी कोळीगीताच्या पुष्कळ आधींच पडली होती. तें गाणें ऐकतांना लाटा कांठावर येऊन हळूच परत जाव्या तसा आवाज पुढें येतो व ओसरतो; जोर कोठेंच लावलेला नाहीं.

१९५४ च्या "नागिन" नें त्यांना संगीत-दिग्दर्शक म्हणून अखिल भारतांत नेलें व १९५६ चें फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिलें. त्या चित्रपटांतील पुंगीची कथा मोठी गमतीची आहे. ती गारुड्याची खरी पुंगी नव्हेच. क्लॅव्हिओलाइन नांवाच्या विजेच्या छोट्या वाद्यावर कल्याणजी यांनीं ती वाजविली. हार्मोनियमवर रवि होते. हे दोघेहि पुढें स्वतः नामवंत संगीतकार झाले. एका विजेच्या यंत्रांतून निघालेला सूर सबंध देशानें सर्पमोहिनी म्हणून मानला. अस्सलपणा उगमांत असतो कीं ऐकणाऱ्याच्या प्रतीतींत, हा प्रश्न येथें प्रथम उभा राहतो. तो आपणांस पुढें पुन्हां लागणार आहे.

नंतरचीं पंधरा-वीस वर्षें हा मनुष्य कलकत्ता व मुंबई अशा दोन राजधान्यांत एकाच वेळीं नांदला. बंगालींत "शापमोचन" (१९५५) पासून उत्तमकुमार या लोकप्रिय नटाचा तो आवाजच होऊन बसला. हिंदींत "प्यासा" (१९५७) मध्यें गुरु दत्त यांच्यासाठीं तो गायला. "साहिब बीबी और गुलाम" (१९६२) चें संगीत त्यानें दिलें. चित्रपटनिर्मितीहि करून पाहिली. मृणाल सेन यांचा "नील आकाशेर नीचे" (१९५९), तसेंच "बीस साल बाद" (१९६२), "कोहरा" (१९६४) व "खामोशी" (१९६९) हे त्याचे चित्रपट. १९७२ मध्यें कॉनराड रुक्स या अमेरिकन दिग्दर्शकानें "सिद्धार्थ" चित्रपट काढला, तेव्हां नदीकांठच्या त्या कथेसाठीं हेमंतकुमारांच्याच बंगाली गीतांचा उपयोग केला. गोव्याचा दर्या, बंगालची नदी, पुढें कोंकणची खाडी. पाणी जेथें दाखवावयाचें तेथें हा आवाज आठवावा, असा जणु संकेतच पडला होता.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. "मी डोलकर" हें गीत शांता शेळके यांनीं लिहिलें व त्याची चाल हृदयनाथ मंगेशकर यांनीं बांधली. डोल म्हणजे काय, हें शहरांतील पुष्कळ मंडळींस ठाऊक नसतें. डोल हें पिशवीसारखें, तोंडाशीं रुंद व शेपटाशीं निमुळतें होत जाणारें मोठें जाळें. तें समुद्रांत रोंवलेल्या खुंटांस बांधून प्रवाहाच्या तोंडावर धरतात. भरती-ओहोटीचा ओघ त्यांतून वाहतो आणि बोंबील, जवळा, कोळंबी अशी मासळी शेपटांत सांपडते. साधारणपणें सहा तासांनीं पाण्याची दिशा फिरते. ती फिरण्यापूर्वीं जाळें उचलावें लागतें. मासळीच्या मागें धांवणें हा डोलकराचा धंदा नव्हे. पाण्याची वेळ ओळखून उभें राहणें हा त्याचा धंदा. म्हणून त्याच्या ऐटींत उतावीळपणा नसतो. उथळ आवाजाच्या गायकानें हीच ऐट गाइली असती, तर ती बढाई वाटली असती. हेमंतकुमारांच्या गळ्यांत ती अनुभवी माणसाची स्वस्थता होऊन आली.

दुसरी गोष्ट उच्चारांची. मराठी गातांना बंगाली माणसाची पंचाईत होते ती अशी : बंगालींत "अ" चा उच्चार "ऑ" कडे झुकतो, "व" व "ब" यांत भेद राहत नाहीं, "स" चा बहुधा "श" होतो, "ण" लिहितात पण "न" म्हणतात, आणि "ळ" तर त्या भाषेंत मुळींच नाहीं. "चमचा" ह्या शब्दांतला आपला दंत्य "च" हि त्यांस परका. पुण्याच्या ग्रांथिक मराठींतलें गीत गातांना ह्या सर्व खाचखळग्यांतून वाट काढावी लागते. परंतु खारेपाटांतील आगरी व कोळी बोली ऐका. तेथें "पाणी" चें "पानी" होतें, "डोळा" चा "डोला" होतो, "काळा" चा "काला" होतो. म्हणजे जे वर्ण बंगाली जिभेस अवघड, त्यांतले दोन आमच्या किनाऱ्याच्या बोलीनें स्वतःच टाकून दिले आहेत. पुण्याच्या कानास जी उणीव भासली असती, ती दर्याकांठच्या कानास घरगुती वाटली. हें सर्व रहस्य आहे असें मी म्हणत नाहीं. "अ" आणि "स" यांसाठीं गायकास मेहनत घ्यावीच लागली असणार. पण परक्या कंठानें आपली बोली उचलावी व ती परकी वाटूं नये, याचें एक कारण ह्या उच्चारसाम्यांत आहे खास.

येथें एक आक्षेप संभवतो, व तो डावलण्याजोगा नाहीं. हें कोळीगीत खरें कोळीगीत आहे काय? लिहिणारी कवयित्री कोळी नव्हे, संगीतकार कोळी नव्हे, गाणाऱ्यांपैकीं कोणी जाळें ओढलेलें नाहीं. कोळीवाड्यांतल्या बायका हळदीला पिढ्यान्‌पिढ्या जीं गाणीं म्हणत आल्या, त्यांना कर्त्याचें नांव नाहीं व त्यांची तबकडीहि निघाली नाहीं. मग शहरानें रचलेलें गाणें दर्याचें म्हणून मिरवावें, हा अन्याय नव्हे काय? माझें उत्तर असें कीं, नांवाची गफलत करूं नये. हें लोकगीत नव्हे. लोकगीताच्या वेषांतलें भावगीत आहे. मूळच्या गाण्यांचा मान तें घेऊं शकत नाहीं, आणि तीं नाहींशीं होत असतील तर त्यांची भरपाईहि करूं शकत नाहीं. पण ज्यांच्याविषयीं तें लिहिलें त्यांनीं तें नाकारलें नाहीं. स्वतःच्या मांडवांत स्वतःच्या पैशानें तें वाजविलें, त्यावर स्वतःचीं पाउलें नाचविलीं. "नागिन" मधली विजेची पुंगी ऐकून गारुड्यानें काय म्हटलें असेल तें असो. डोलकरानें मात्र आपला निवाडा दिला आहे. पुस्तकी निवाड्यापेक्षां तो वरचढ मानला पाहिजे.

१९७६ मध्यें "हा खेळ सावल्यांचा" या चित्रपटांत पुन्हां हृदयनाथांच्याच चालीवर, सुधीर मोघे यांच्या शब्दांत, हेमंतकुमारांनीं आशा भोसले यांच्याबरोबर "गोमू संगतीनं" हें गीत गाइलें. तोंपर्यंत त्यांचें वय पंचावन्न उलटून गेलें होतें. गीत आहे तरुण प्रियकराच्या विनवणीचें. आवाजांत पूर्वीचा तजेला थोडा ओसरला असला, तरी आर्जवांतला सच्चेपणा तसाच आहे. मन्ना डे यांच्यासारख्या इतर वंगीय गायकांनींहि मराठींत चांगलीं गाणीं म्हटलीं आहेत; परंतु कोंकणच्या किनाऱ्याशीं नांव जडलें तें हेमंतकुमारांचें.

उत्तरायुष्यांत हिंदी चित्रपटांचा ओघ त्यांच्याकडून दुसरीकडे वळला. ते बंगालींत गात राहिले. १९८० मध्यें हृदयविकाराचा झटका आला व त्यानंतर श्वासावरची पकड सैल झाली. खोल आवाजाच्या गायकास हा घाव मोठा. तरीहि १९८६ मध्यें "लालन फकीर" साठीं त्यांना पार्श्वगायनाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. पहिलें १९७१ मध्यें "निमंत्रण" साठीं मिळालें होतें. सरकारनें देऊं केलेली पद्मश्री त्यांनीं पूर्वींच नाकारली होती. १९८७ मध्यें पद्मभूषणहि नाकारलें. सप्टेंबर १९८९ मध्यें मायकेल मधुसूदन पुरस्कार स्वीकारण्यासाठीं ते ढाक्यास गेले, तेथें गायले, आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत, २६ सप्टेंबर रोजीं, कलकत्त्यास त्यांचें देहावसान झालें.

पार्श्वगायकाचें आयुष्य मोठें विलक्षण असतें. देव आनंद, उत्तमकुमार, गुरु दत्त यांचे चेहरे लोक ओळखतात. त्यांच्या मुखांतून बाहेर पडलेला स्वर ज्याचा, तो धोतर-सदऱ्यांतला उंच, चष्मा लावलेला गृहस्थ रस्त्यानें गेला तर कितीजण वळून पाहणार? चित्रपटांत त्यास निदान नटाचा चेहरा उसना मिळे. "मी डोलकर" मध्यें तोहि नव्हता. तेथें ऐकणाऱ्यानें स्वतःचा चेहरा घातला. कोणी बापाचा, कोणी नवऱ्याचा, कोणी आपल्या होडीवरच्या तांडेलाचा. कदाचित् त्यामुळेंच गाणारा कोण, हा प्रश्न कोणास सुचला नाहीं.

आपल्याकडे भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांची कमतरता नाहीं, आणि तो बाळगावाहि. परंतु भाषा जन्मानें मिळते तशी ती कष्टानेंहि मिळते, हें विसरूं नये. जन्मानें मराठी असलेले आपण "ळ" व "ण" कडे किती लक्ष देतों, आणि आपल्याच किनाऱ्यावरच्या बोलीस किती सहज हंसतों, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. एका वंगपुत्रानें त्या बोलीस हंसण्याऐवजीं ती गळ्यांत घेतली. त्याचें ऋण फेडण्याचा मार्ग एकच : कोळीवाड्यांतलीं जीं खरीं, निनांवी गाणीं वृद्ध स्त्रियांच्या मुखीं उरलीं असतील, तीं त्यांच्या तोंडून, त्यांच्याच उच्चारांत ऐकून टिपून ठेवणें. तबकडीवर चढलेलें गीत कोठें जात नाहीं. तबकडी ज्यांना मिळाली नाहीं, त्यांचीच चिंता करावयाची आहे. इतकें सांगून मी श्रोत्यांची रजा घेतों.